अमेरिकेत बायकांचा छोटा गट चालवताय? फाउंडेशनकडे पैसे कसे मागायचे

२०१७ या एका वर्षात अमेरिकेतल्या फाउंडेशन्सनी मिळून ६६.९ अब्ज डॉलर वाटले. त्यातले गौरेतर, म्हणजे गोऱ्या नसलेल्या, स्त्रिया आणि मुलींसाठी म्हणून दिलेले होते ३५.६ कोटी. म्हणजे अर्धा टक्का. देशातल्या अशा प्रत्येक बाई-मुलीमागे वर्षाला ५ डॉलर ४८ सेंट! हा हिशेब मिझ फाउंडेशन फॉर विमेनने २०२० साली मांडला. काळ्या, लॅटिना, मूळ अमेरिकी आणि आशियाई बायका इथे ज्या एका वर्गात धरल्या जातात, त्यात आपणही येतो.

हा लेख अशा गटांसाठी आहे ज्यांचं काम सुरू झालंय, पण संस्था अजून झालेली नाही. एडिसन, फ्रीमाँट, अर्व्हिंग, नेपरव्हिल अशा गावांत असे गट सापडतात. कोणी घर सोडून आलेल्या बाईला चार दिवस ठेवून घेतं, कोणी कोर्टात दुभाषाचं काम करतं, कोणी घरकाम करणाऱ्या बायकांच्या बुडालेल्या पगाराच्या मागे लागतं. सगळं व्हॉट्सॲपवर आणि सगळं पदरमोड करून. इथल्या दक्षिण आशियाई स्त्रियांच्या जुन्या संस्थाही मूठभर बायकांनीच उभ्या केल्या: न्यू जर्सीत १९८५ साली ‘मानवी’, न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली ‘सखी’, कॅलिफोर्नियात १९९१ ला ‘मैत्री’ आणि १९९२ ला ‘नारिका’.

नवखी मंडळी पहिली गोष्ट करतात ती म्हणजे गुगलवर ग्रँट शोधून अर्ज भरायला बसतात. माझ्या मते अर्ज हे शेवटचं काम आहे. आधी गट कोणाचा हे स्पष्ट व्हायला हवं, मग पैसा ठेवायला कायदेशीर जागा हवी, मग देणाऱ्याशी ओळख, आणि मग अर्ज. हा क्रम उलटा केला की रात्री जागून लिहिलेला अर्ज कोणी उघडूनही पाहत नाही.

गट कोणाचा?

फंडर हल्ली हमखास विचारतात की ज्यांच्यासाठी काम आहे, त्यांच्यातल्या बायका निर्णय घेतात का? याचं उत्तर नीट द्यायचं असेल तर आधी आपसांत बसून बोलावं लागतं. चेकवर सह्या कोणाच्या? बोर्डात कोण? एखाद्या कामाला ‘नाही’ म्हणायचा अधिकार कोणाला? गटात सगळ्या आयटीतल्या, ग्रीन कार्डवाल्या, मोठ्या घरांतल्या बायका आणि ज्यांच्यासाठी काम चाललंय त्या बांगलादेशी केअरगिव्हर किंवा पंजाबी ट्रकचालकांच्या बायका असतील, तर ‘आम्ही गौरेतर स्त्रिया आहोत’ हे वाक्य खरं असूनही अपुरं पडतं. अर्ज वाचणाऱ्या समितीत बसलेल्या काळ्या किंवा लॅटिना बाईला हे लगेच कळतं. आणि कळावंच.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली ‘अधिकार’ ही संस्था बघा. २००५ पासून नेपाळीभाषक कामगारांत, त्यातही घरकाम आणि नेल सलूनमध्ये राबणाऱ्या बायकांत काम करते. तिथेच इंडो-कॅरिबियन बायकांच्या ‘जहाजी सिस्टर्स’ आहेत. गिरमिटिया मजूर म्हणून जहाजांतून नेलेल्या बायकांच्या या नाती-पणत्या. ‘साउथ एशियन’ म्हणताना आपल्याला त्या सहसा आठवत नाहीत. आणि जातीचा प्रश्नही इथे विमानातून उतरलेला आहेच. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घातली, आणि काही फंडर आता दक्षिण आशियाई गटांना हा प्रश्न सरळ विचारतात. ‘आमच्याकडे असं काही नाही’ हे उत्तर देऊ नका. बोर्डात दलित-बहुजन बायका नसतील तर तसं सांगा आणि काय करणार आहात तेही सांगा.

यातून एक पान तयार करा. आम्ही कोण, कोणासाठी, गेल्या वर्षभरात काय केलं (आकड्यांत), निर्णय कसे होतात. हे पान पुढे प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडेल.

पैसा ठेवायला जागा

फाउंडेशन सहसा व्हॉट्सॲप ग्रुपला चेक लिहीत नाही. करखात्याने, म्हणजे आयआरएसने, ५०१-सी-३ हा करमाफ सेवाभावी संस्थेचा दर्जा न दिलेल्या गटाला खासगी फाउंडेशन पैसे देऊ शकतं, पण मग पैशाच्या वापरावर देखरेखीची जास्तीची जबाबदारी त्याच्यावर येते. ती झंझट बहुतेकांना नको असते. त्यामुळे तुमच्यापुढे दोन वाटा उरतात.

पहिली वाट फिस्कल स्पॉन्सरची. आधीच ५०१-सी-३ असलेली एखादी संस्था तुमचं काम आपल्या छत्राखाली घेते. ग्रँट तिच्या नावावर येते, हिशेब आणि कराची कागदपत्रं ती सांभाळते, आणि बदल्यात ती साधारण ५ ते १० टक्के, काही ठिकाणी १५ टक्क्यांपर्यंत फी घेते. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांसाठी मला हीच वाट शहाणपणाची वाटते. स्वतःची संस्था काढली की मीटिंगचे मिनिट्स, विमा, राज्याची नोंदणी, वार्षिक रिटर्न हे सगळं त्याच चार बायकांच्या डोक्यावर येतं, आणि ज्या कामासाठी सुरुवात केली ते मागे पडतं.

स्पॉन्सर निवडताना मात्र करार नीट वाचा. पैसे मागितल्यापासून किती दिवसांत मिळतात? तुम्ही पुढे स्वतंत्र झालात तर उरलेले पैसे, नाव आणि देणगीदारांची यादी तुमच्याबरोबर येते का? आणि स्पॉन्सरच बंद पडला तर काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की वर्षअखेरीस आपण बंद होतोय, आणि तिच्या छत्राखालच्या शेकडो छोट्या गटांना घाईघाईने नवं घर शोधावं लागलं.

‘आपलं महाराष्ट्र मंडळ स्पॉन्सर होईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. बरीच मंडळं ५०१-सी-३ असतात, त्यामुळे कागदावर शक्य आहे. पण मंडळाच्या उद्दिष्टात तुमचं काम बसलं पाहिजे, आणि पैशावरचा अंतिम ताबा कायद्याने मंडळाच्या समितीकडे राहतो. समिती दरवर्षी-दोन वर्षांनी बदलते. गणपतीच्या कार्यक्रमात तुमचं टेबल लावायला कोणाची ना नसते, पण घरातल्या मारहाणीचं टेबल म्हटलं की ‘लोक सणासुदीला आलेत हो’ असं ऐकू येऊ शकतं. संस्कृतीच्या कार्यक्रमांसाठी मंडळ उत्तम. वादाच्या विषयासाठी त्या विषयातलीच जुनी संस्था बघा.

दुसरी वाट म्हणजे स्वतःची संस्था. आधी राज्यात नॉन-प्रॉफिट कॉर्पोरेशन म्हणून नोंदणी करायची, मग आयआरएसकडून ईआयएन, म्हणजे संस्थेचा करासाठीचा ओळख नंबर, घ्यायचा. तो फुकट मिळतो, पैसे मागणाऱ्या साइटवरून मागे फिरा. मग ५०१-सी-३ साठी अर्ज. पुढच्या तीन वर्षांत कुठल्याही वर्षी जमा ५०,००० डॉलरच्या वर जाणार नसेल आणि मालमत्ता अडीच लाखांच्या आत असेल तर फॉर्म १०२३-ईझी चालतो, त्याची फी २७५ डॉलर. नाहीतर पूर्ण फॉर्म १०२३, फी ६०० डॉलर, आणि उत्तराला कित्येक महिने. संस्था स्थापन झाल्यापासून २७ महिन्यांच्या आत अर्ज केला तर करमाफी स्थापनेच्या दिवसापासून लागू होते. याशिवाय बहुतेक राज्यांत लोकांकडून देणगी मागण्याआधी वेगळी नोंदणी लागते. ही नोंदणी नवखे हमखास विसरतात.

वाट कुठलीही धरा, आजपासून एक करा. गटाचे पैसे कोणाच्याही वैयक्तिक झेल किंवा व्हेन्मो खात्यात घेणं थांबवा. दिवाळीत जमवलेली वर्गणीसुद्धा.

व्हिसाचं काय, हे इंग्रजी मार्गदर्शकांत तुम्हाला सहसा सापडणार नाही, म्हणून इथे सांगते. आपल्याकडच्या अनेक जणी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहेत. ग्रँटमधून स्वतःला पगार किंवा मानधन घेणं म्हणजे नोकरी करणंच, मग ते १०९९ वर, म्हणजे कंत्राटी मानधन म्हणून, का असेना. वर्क परमिट नसेल तर ते चालत नाही. २०१५ पासून काही एच-४ धारकांना परमिट मिळतं, पण सगळ्यांना नाही. एच-१बी वर असलेल्या बाईलाही आपल्या मालकाखेरीज दुसरीकडून मानधन घेता येत नाही. बोर्डावर विनामोबदला बसणं वेगळं. पण जे काम एरवी पगारी असतं ते ‘व्हॉलंटियर’ म्हणून केलं तरी अडचण येऊ शकते. पहिल्या ग्रँटच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोला. बजेटमध्ये कोणाचं नाव पगारापुढे लिहायचं, हे त्यावर ठरेल.

देणारे कुठे सापडतात

खासगी फाउंडेशनला दरवर्षी आपल्या गुंतवणुकीच्या साधारण ५ टक्के रक्कम खर्च करावीच लागते, आणि दरवर्षी फॉर्म ९९०-पीएफ भरावा लागतो. हा फॉर्म जाहीर असतो. कोणाला, किती, कशासाठी दिले याची पूर्ण यादी त्यात असते. प्रोपब्लिकाच्या ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’वर तो फुकट वाचता येतो. मला विचाराल तर पैसे शोधण्याचं यापेक्षा चांगलं साधन नाही.

उलट्या दिशेने शोधा. तुमच्यासारखंच काम करणाऱ्या, तुमच्याहून एक-दोन पायऱ्या पुढे असलेल्या संस्थांची नावं काढा. त्यांच्या वार्षिक अहवालात देणाऱ्यांचे आभार मानलेले असतात. त्या फाउंडेशनचा ९९०-पीएफ उघडा आणि तीन गोष्टी बघा. तुमच्या राज्यात पैसे देतात का. सर्वात लहान ग्रँट किती. आणि ‘आम्ही फक्त आधीच निवडलेल्या संस्थांना देतो, न मागवलेले अर्ज घेत नाही’ या चौकटीवर खूण आहे का. खूण असेल तर अर्जावर एक मिनिटही घालवू नका. तिथे फक्त ओळखीतून रस्ता निघतो. ‘कँडिड’चा फाउंडेशनचा मोठा डेटाबेस एरवी पैसे देऊन वापरावा लागतो, पण अनेक सार्वजनिक वाचनालयांत तो फुकट उघडता येतो. लायब्ररियनला विचारा, या बाबतीत ती तुम्हाला कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त मदत करेल.

पहिल्या पैशासाठी मोठ्या नावांच्या मागे लागू नका. मॅकेंझी स्कॉट यांच्या ‘यील्ड गिव्हिंग’ने २०२३ मध्ये खुला अर्ज मागवला आणि मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर दिले. कौतुकच आहे. पण अर्ज करायला वार्षिक खर्च किमान १० लाख डॉलर हवा होता, आणि तरी सहा हजारांवर अर्ज आले. आपला गट त्या दारापर्यंतही पोहोचत नाही.

स्त्रियांचे प्रादेशिक फंड जवळचे आहेत. न्यूयॉर्क विमेन्स फाउंडेशन, शिकागो फाउंडेशन फॉर विमेन, टेक्सस विमेन्स फाउंडेशन, विमेन्स फाउंडेशन कॅलिफोर्निया. त्यांना छोट्या गटांची सवय असते. राष्ट्रीय पातळीवर ग्राउंडस्वेल फंड, थर्ड वेव्ह फंड आणि अस्ट्रिया हे गौरेतर स्त्रियांच्या चळवळींना ओळखतात. अस्ट्रिया तर १९७७ साली सुरूच झाली ती समलिंगी आणि गौरेतर स्त्रियांच्या कामाला कोणी पैसे देत नव्हतं म्हणून. प्रत्येकाचा विषय ठरलेला असतो, ग्राउंडस्वेलचा भर प्रजननविषयक न्यायावर. तो वाचून मगच पुढे जा. शिवाय तुमच्या भागाचं कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे स्थानिक देणग्या जमवून तिथल्याच कामांना देणारी संस्था, सहसा असतं. तिथे पाच-दहा हजारांची पहिली ग्रँट मिळायची शक्यता सर्वात जास्त.

आणि गिव्हिंग सर्कल. ही आपली भिशीच, फक्त जमलेली रक्कम आळीपाळीने सभासदाच्या घरी न जाता एखाद्या संस्थेला जाते. न्यूयॉर्कचं एशियन विमेन गिव्हिंग सर्कल २००५ पासून आशियाई-अमेरिकी बायकांच्या कामाला असे पैसे देत आलंय. इथे अर्ज छोटा असतो आणि वाचणाऱ्या बायका प्रत्यक्ष भेटायला येतात. अशी दहा-बारा मराठी बायकांची मंडळी तुमच्या गावात नसेल तर ती सुरू करणं हाही एक मार्ग आहे.

सरकारी पैशाबद्दल थोडक्यात. घरगुती हिंसाचारावर काम करणाऱ्या बऱ्याच संस्था १९९४ च्या ‘वावा’ (स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धचा) आणि १९८४ च्या ‘वोका’ (गुन्ह्यांना बळी पडलेल्यांसाठीचा) या कायद्यांखालच्या पैशावर चालतात. वोकाचा फंड गुन्हेगारांच्या दंडातून भरतो, म्हणून तो वर्षागणिक वरखाली होतो. यातला बराच पैसा आधी खर्च करा, मग बिलं लावून परत मागा, असा मिळतो. तीन महिने पगार पुढून द्यायची ताकद नसलेल्या गटाला तो गळफास ठरू शकतो. जानेवारी २०२५ मधल्या ट्रम्प यांच्या आदेशांनंतर केंद्राच्या पैशाबरोबर वंश आणि विविधतेसंबंधी अटींची डोकेदुखीही आली. पहिल्या दोन-तीन वर्षांत मी तरी त्या वाटेला जाऊ नका म्हणेन.

अर्जाआधीची ओळख

यादीत आठ-दहा नावं उरली की प्रत्येक ठिकाणच्या प्रोग्रॅम ऑफिसरला एक छोटी ई-मेल पाठवा. तुम्ही कोण आणि कुठे काम करता. त्यांच्या कुठल्या ग्रँटवरून तुम्हाला वाटलं की आपलं जुळेल. वीस मिनिटं बोलता येईल का. ते एक पान जोडा, बाकी काही नको. बारा पानांचं प्रेझेंटेशन तर मुळीच नको.

उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. बहुतेक जणी इथे संकोचतात, ‘मागे लागल्यासारखं वाटतं’ म्हणतात. प्रोग्रॅम ऑफिसरला पैसे वाटायचाच पगार मिळतो, आणि चांगले गट सापडले नाहीत तर तिचंही काम अडतं. फोनवर पहिल्यांदा पैसे मागू नका, विचारा: आमच्या आकाराच्या गटाला तुम्ही साधारण किती देता? अर्जात तुम्हाला सर्वात जास्त काय बघायचं असतं? आमचं जुळत नसेल तर आणखी कोणाशी बोलावं? शेवटच्या प्रश्नावर एखादं नाव मिळतंच, आणि ‘अमुक बाईंनी तुमचं नाव सुचवलं’ या वाक्याने सुरू होणारी ई-मेल सहसा वाचली जाते.

अर्ज

मी एका गिव्हिंग सर्कलसाठी अर्ज वाचते. आपल्या बायकांचे अर्ज दुरून ओळखू येतात, कारण ते नम्र असतात. ‘आम्ही आमच्या परीने खारीचा वाटा उचलतो.’ खारीला ग्रँट मिळत नाही हो. वर्षात किती फोन आले, किती बायकांबरोबर कोर्टात गेलात, किती भाषांत मदत केलीत, ते लिहा. चौघींनी मिळून ९० बायकांना मदत केली असेल तर ते फार मोठं काम आहे, आणि आकडा लिहिलात की वाचणारीला ते आपोआप कळतं.

दुसऱ्या टोकाला जाऊन रडकथाही नको. एका बाईच्या जखमांचं सविस्तर वर्णन करून पैसे मागणं हे तिच्यावर पुन्हा एकदा अन्यायच. आपला समाज छोटा आहे. ‘नागपूरची, दोन मुलं, नवरा अमुक कंपनीत’ एवढ्यावरून ती कोण हे निम्म्या गावाला कळतं. नाव बदलून भागत नाही, तपशीलही बदला किंवा गाळा.

आता बजेट. इथे जास्त वेळ द्या, कारण समितीतले अनुभवी लोक आधी बजेट उघडतात आणि मग मजकूर वाचतात.

समजा एक अर्धवेळ समन्वयक ठेवायची आहे. आठवड्याला २० तास, तासाला २५ डॉलर, वर्षाचे २६,०००. मालकाच्या वाट्याचा पगारावरचा कर साधारण २,०००. दुभाष्यांचं मानधन ६,०००. अडीअडचणीला टॅक्सी, फोन, मोटेलचं भाडं यासाठी ७,०००. विमा, सॉफ्टवेअर, हिशेबनीस ३,०००. बेरीज ४४,०००. स्पॉन्सरची फी ८ टक्के आहे. इथे बहुतेक जण ४४,००० चे ८ टक्के, म्हणजे ३,५२० धरतात आणि ४७,५२० मागतात. पण स्पॉन्सर ८ टक्के कापतो ते आलेल्या पूर्ण रकमेवर. म्हणून ४४,००० ला ०.९२ ने भागायचं, उत्तर येतं ४७,८२६. फरक ३०६ डॉलरचा. रक्कम छोटी, पण हा हिशेब बरोबर असला की समोरच्याला कळतं की या बायकांनी कागद वाचलेत.

पगाराचा रकाना रिकामा ठेवू नका. ‘आम्ही सगळं सेवाभावाने करतो’ हे लिहिणं अभिमानाचं वाटतं, पण वाचणाऱ्याला त्यात धोका दिसतो. उद्या या चौघींपैकी दोघी थकल्या तर? फुकट केलेलं काम वेगळ्या रकान्यात दाखवा. इंडिपेंडंट सेक्टर ही संस्था स्वयंसेवकाच्या तासाची किंमत जाहीर करते, २०२३ साठी ती ३३ डॉलर ४९ सेंट होती. वर्षाचे ६०० तास म्हणजे वीस हजार डॉलरहून जास्त तुम्ही आधीच घातलेत. ते दिसू द्या.

पैसा कुठल्या प्रकारचा मागायचा, यावर मी हट्टी आहे. शक्य तिथे ‘जनरल ऑपरेटिंग सपोर्ट’ मागा, म्हणजे कुठल्याही एका प्रकल्पाला न बांधलेला, मोकळा पैसा, आणि तो दोन-तीन वर्षांसाठी. प्रकल्पाच्या पैशातून कार्यशाळा होते, पण कार्यशाळेनंतर रात्री अकराला येणारा फोन उचलणारीचा पगार होत नाही. करोनाच्या काळात बऱ्याच फंडरनी बंधनं सैल केली आणि विश्वासावर देण्याची भाषा रुजली. काही तिथेच राहिले, काही परत फिरले. नुसतं विचारल्याने काही बिघडत नाही.

आणि पैशासाठी काम वाकवू नका. तुमचं काम घरकामगार बायकांच्या पगाराचं आणि फंडरला हवंय ‘मुलींसाठी कोडिंग’, तर ‘आमच्या बायकांच्या मुली आहेतच की’ म्हणून अर्ज भरायचा मोह होतो. ग्रँट मिळाली तर वर्षभर तुम्ही लॅपटॉप मोजत बसाल.

शब्द जपून, पण घाबरून नाही

अटलांटाच्या फियरलेस फंडची एक स्पर्धा होती, काळ्या स्त्रियांच्या छोट्या धंद्यांना २०,००० डॉलर देणारी. ऑगस्ट २०२३ मध्ये, वंशाच्या आधारावरच्या सवलतींविरुद्ध खटले लढवणाऱ्या एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने तिच्यावर दावा लावला. आधार घेतला १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, जो गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना करार करायचा हक्क मिळावा म्हणून झाला होता! जून २०२४ मध्ये अपील कोर्टाने २ विरुद्ध १ मतांनी स्पर्धा थांबवली आणि सप्टेंबरात तडजोड होऊन ती बंद झाली. तेव्हापासून बऱ्याच फंडरनी आपल्या पानांवरचे शब्द बदललेत. ‘गौरेतर स्त्रियांच्या नेतृत्वाखालचे गट’ जाऊन ‘ज्यांना आजवर कमी निधी मिळाला असे समुदाय’ आलं. म्हणून फंडरची जुनी घोषणा शोधून वाचा, आताची भाषाही वाचा, आणि फोनवर विचारा.

तुमच्या बाजूने एवढंच. ‘फक्त भारतीय बायकांना मदत’ असं लिहू नका. ‘मराठी, हिंदी, बांगला आणि नेपाळीत मदत, जी मागेल तिला’ असं लिहा. तसंही दारात आलेल्या ग्वाटेमालाच्या बाईला कोण परत पाठवणार आहे? पण आपण कोण आहोत आणि गट कोणी उभा केला, ही हकिगत लपवायचं काही कारण नाही.

पैसा आल्यावर

ग्रँटचं पत्र सही करण्याआधी पूर्ण वाचा. पैसे कशाला बांधलेले आहेत, अहवाल कधी, उरले तर काय. बांधलेला आणि मोकळा पैसा हिशेबात पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. काही बिनसलं, समन्वयक सोडून गेली, कार्यक्रम लांबला, तर अहवालाची वाट न बघता लगेच कळवा. लवकर सांगितलेली वाईट बातमी फंडर सहसा समजून घेतात.

स्वतःची संस्था असेल तर जमा ५०,००० च्या आत असताना ९९०-एन हे अगदी छोटं ऑनलाइन रिटर्न दरवर्षी भरायचं. दहा मिनिटांचं काम. सलग तीन वर्षं चुकलं तर करमाफीचा दर्जा आपोआप रद्द होतो, आणि छोट्या संस्थांचं हे वारंवार होतं, कारण खजिनदार बाई गाव सोडून गेलेल्या असतात. म्हणून ही तारीख दोघींच्या कॅलेंडरवर हवी.

एकाच दात्यावर विसंबू नका, तो कितीही प्रेमळ असो. नोवो फाउंडेशनने २०१६ मध्ये गौरेतर मुलींच्या कामासाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले तेव्हा असा मोठा दाता दुसरा नव्हता. २०२० मध्ये त्याने कर्मचारी कमी केले, दिशा बदलली, आणि त्याच्यावर उभ्या असलेल्या संस्थांची धावपळ झाली. महिना दहा डॉलर देणाऱ्या पन्नास बायका म्हणजे वर्षाला ६,००० मोकळे डॉलर. फाउंडेशन हात काढून घेतं तेव्हा फोनचं बिल त्यातूनच भरलं जातं.

भारतातल्या एखाद्या गटालाही यातून द्यावं, असं लवकरच कोणीतरी सुचवेल. तिकडच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं त्यासाठीचं खातं असल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या संस्थेला तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. बहिणीच्या खात्यात पाठवून ‘ती देईल’ हा मार्ग दोन्ही देशांत तुम्हाला अडचणीत आणेल.

नकार तर येणारच, होकारापेक्षा बरेच जास्त. नकाराच्या पत्राला आभाराचं उत्तर लिहा, समितीला काय कमी वाटलं ते विचारा, आणि पुढच्या फेरीची तारीख विचारून घ्या.